एक सेट की वीस?

जिममध्ये दोन पक्ष असतात. व्हॉल्यूमवाले आणि इंटेन्सिटीवाले. पहिल्यांचा देव अर्नोल्ड श्वार्झनेगर. सकाळ-संध्याकाळ दोन सेशन, आठवड्याचे सहा दिवस, एकेका बॉडीपार्टला वीस-वीस सेट. दुसऱ्यांचा देव माइक मेंटझर. त्याचं म्हणणं, व्यायाम फक्त स्नायूला निरोप देतो, वाढ होते ती विश्रांतीत. म्हणून एकच सेट मारा, पण असा की पुढचा रेप कितीही जोर लावला तरी निघणार नाही. मग घरी जा आणि झोपा. मी पुण्यात नोकरीला लागल्यापासून हा वाद ऐकतोय. आयटीतली पोरं त्यात विशेष हिरिरीने उतरतात. दिवसभर टॅब की स्पेस यावर भांडून झालेलं असतं, त्यामुळे सराव असतो.

हे दोन देव 1980 साली सिडनीच्या मिस्टर ऑलिंपियात एकाच स्टेजवर होते. पाच वर्षांनी परतलेला अर्नोल्ड जिंकला, मेंटझर पाचवा आला. त्या निकालावरून लोक अजून भांडतात. मेंटझर त्यानंतर कधी स्पर्धेत उतरला नाही.

एका सेटची ही कल्पना मेंटझरकडे आली आर्थर जोन्सकडून. हा नॉटिलस मशीनवाला. 1973 मध्ये त्याने कोलोरॅडोत एक प्रयोग केला आणि जाहीर केलं की केसी व्हिएटर या बॉडीबिल्डरने 28 दिवसांत 63 पौंड, म्हणजे 28 किलोंहून जास्त स्नायू कमावला. आकडा ऐकून कुणीही नॉटिलसच्या दुकानात धावेल. पण आधी एका अपघातानंतरच्या आजारपणात केसीचं वजन बरंच उतरलं होतं. गेलेलं परत मिळवणं आणि नवीन कमावणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तरी मेंटझर मला आवडतो. आयन रँडचं तत्त्वज्ञान वाचून आलेला हा माणूस लोकांना सांगायचा, परंपरा म्हणून काही करू नका, कारण विचारा. गंमत म्हणजे त्याचे आजचे भक्त हेही त्याचं वाक्य म्हणून पाठ करतात. त्याचं खरं ऐकलं ते डोरियन येट्सने. त्याने तत्त्व घेतलं, प्रोग्रॅम जसाच्या तसा घेतला नाही. वॉर्मअपचे सेट ठेवले, एकाच भागाचे अनेक व्यायाम ठेवले, प्रत्येकाचा शेवटचा सेट मात्र जीव तोडून. आणि सगळं वहीत लिहिलं. 1992 ते 1997, सलग सहा वेळा मिस्टर ऑलिंपिया.

मग बरोबर कोण? 2017 मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला. त्यात आठवड्याला एका स्नायूचे दहा किंवा जास्त सेट करणाऱ्यांची वाढ सरासरीने जास्त निघाली. व्हॉल्यूमवाल्यांनी पेढे वाटायला हरकत नाही. पण सरासरी या शब्दावर माझा भरवसा कमी आहे. ऑफिसात सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाइम झकास दिसत असतो आणि तिकडे एखाद्या युजरचं पान उघडतच नसतं. 2005 च्या एका अभ्यासात 585 जणांना एकाच हाताचा, एकाच पद्धतीचा व्यायाम 12 आठवडे दिला होता. कुणाचा दंड 59 टक्क्यांनी वाढला, कुणाचा 2 टक्क्यांनी कमी झाला. प्रोग्रॅम तोच!

हे मला माझ्या मामेभावाला सांगावं लागलं. तो एकोणीस वर्षांचा, सांगलीत इंजिनीअरिंगला. जिममधल्या ट्रेनरने दिलेला सहा दिवसांचा, वीस सेटवाला प्लॅन वर्षभर मन लावून करत होता. रात्री असाइनमेंट, पहाटे जिम, झोप पाच तास, मेसमध्ये पातळ वरण. वजन हलेना. त्याने फोनवर विचारलं, "दादा, माझ्यातच काही कमी आहे का?" पाठोपाठ कळलं की ट्रेनरने 'एक सायकल मारून बघ' असं सुचवलंय. म्हणजे इंजेक्शनं.

माझा राग सेटच्या आकड्यावर नव्हता. अर्नोल्डने स्टेरॉइड घेतल्याचं स्वतः सांगितलंय, येट्सनेही. म्हणजे एक सेटवाले असोत की वीस सेटवाले, आपण त्यांचा कोड उचलतो आणि डिपेंडन्सी सोडून देतो. मग रन झाला नाही की मशीनला दोष. इथे मशीन म्हणजे एका पोराचं लिव्हर, हार्ट आणि हार्मोन्स. त्याला म्हटलं, सुई नंतर, आधी वही आण. वजन, रेप, झोप, जेवण, चार रकाने. दोन-दोन महिने एकच गोष्ट बदलायची. पहिली झोप. मग दिवस कमी कर, सगळीकडचे सेट निम्मे कर, आणि बघ काय होतं.

ट्रेनर नाराज झाला. "माझ्यापेक्षा तुझ्या दादाला जास्त कळतं का?" असं सगळ्यांसमोर बोलला. भाऊ ऐकून घेऊन डेडलिफ्टकडे गेला म्हणे.

परवा त्याने वहीच्या पानांचे फोटो पाठवले. झोप सात तासांवर आलीय. सहा दिवसांचे चार झालेत, पाठीचे सेट निम्मे, आणि वजनाचा रकाना हळूहळू वर सरकतोय. खांद्यांचे सेट मात्र त्याने उलट वाढवलेत. खाली लिहिलं होतं, 'हे तुझं पटलं नाही दादा, आकडे बघ.'

मी म्हटलं, एवढ्याशा डेटावर काही ठरत नाही. तो म्हणाला, तुझ्याकडे तर तेवढाही नाही. वाद अजून चालू आहे.