साखर वाळूसारखी लागली तेव्हा

देवरुखची आमची आत्या बारा वर्षं शुगरच्या गोळ्या घेते, पण सकाळचा पहिला घोट बिवळ्याच्या पेल्यातला. लाकडाच्या त्या पेल्यात रात्री पाणी भरून ठेवायचं. सकाळपर्यंत ते तपकिरी होतं आणि काचेच्या ग्लासात ओतून उजेडात धरलं की निळी झाक मारतं. ती झाक बघायला मी दर वेळी ग्लास खिडकीशी नेतो.

बिवळा म्हणजे आयुर्वेदातला विजयसार. आत्याचा विश्वास उगाच नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने नव्याने मधुमेह कळलेल्या रुग्णांना तो देऊन पाहिला; १९९८ साली निष्कर्ष छापून आले. ९७ पैकी ६७ जणांची साखर आटोक्यात आली होती. तुलनेला दुसरा गट मात्र नव्हता, आणि आत्याचा आजार काही नवा नव्हे.

गेल्या आषाढी एकादशीला तिने ग्लिमेपिराइडची गोळी नेहमीसारखी घेतली. वर मेथीचं पाणी, जांभळाच्या बियांची पूड. साबुदाण्याने शुगर वाढते म्हणून पोटात दुसरं काहीच नाही. दुपारी परसातल्या वेलीची दोन पानं चघळली. बेडकीचा पाला तो, म्हणजेच गुडमार.

थोड्या वेळाने तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. यंत्रावर आकडा आला ५४. मी चमचाभर साखर तिच्या तोंडात घातली, तर तिने ती थुंकून टाकली.

"अरे, वाळू कसली घालतोस तोंडात?"

गुडमारच्या पानातली द्रव्यं जिभेची गोड चव अडवतात, अर्धा-पाऊण तास. साखर अंगी लागते, फक्त जिभेला कळत नाही. मी साखरपाणी केलं आणि चक्क दटावून घोट घोट पाजलं. पंधरा मिनिटांनी ८१. मग कुठे जीव भांड्यात पडला.

डॉक्टरांना तिने या पाल्याबद्दल इतक्या वर्षांत कधी सांगितलंच नव्हतं. "झाडपाला तो, त्यात काय सांगायचं?" डॉक्टर हसले नाहीत की रागावलेही नाहीत. तिच्या दुसऱ्या गोळीचं, मेटफॉर्मिनचं मूळही गॅलेगा नावाच्या झाडातच सापडतं, असं म्हणाले. झाडात गुण असेल तर तो मोजायलाच हवा; शिवाय गोळीचा डोस ठरलेला असतो, पानाचा नसतो. त्यांनी सगळी यादी लिहून घेतली, ग्लिमेपिराइड कमी केली आणि उपाशीपोटी ती घ्यायची नाही असं बजावलं.

आता आत्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात रोजच्या चौकटीत आकडा असतो आणि खाली बारीक अक्षरात 'मेथी', 'बिवळा'. एकादशीच्या चौकटीत तिने स्वतःच लिहिलंय : 'पाला बंद.'