उसण, संहिता आणि परीक्षा

‘संहिता’ हा शब्द आपण साहित्याच्या वर्गात इतक्या सरावाने वापरतो, की संहितेच्या चुकीच्या वाचनाने कुणाला कायमचे पंगुत्व येऊ शकते, ही शक्यता आपल्या मनाला शिवत नाही. फिजिओथेरपी शिकवणाऱ्या एका स्नेह्याने त्यांच्या प्रात्यक्षिक परीक्षेची फेरमांडणी करताना कंबरदुखीच्या ‘रुग्णाची संहिता’ मला लिहायला सांगितली, तेव्हा ती शक्यता समोर उभी राहिली.

जुन्या पद्धतीत परीक्षार्थ्याला वॉर्डातला एखादा रुग्ण मिळे. कुणाच्या वाट्याला सोपा, कुणाच्या वाट्याला अवघड. अनेक परीक्षा पाहिलेला रुग्ण तर निदानही कुजबुजत सांगून टाकी. या अन्यायावर उपाय म्हणून डंडीच्या रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली वेगळी रचना मांडली: ठरावीक मिनिटांचे थांबे, प्रत्येक थांब्यावर एकेक काम, सर्वांना तेच प्रश्न आणि परीक्षकाच्या हाती गुणांची तीच यादी. त्याआधी, १९६३ च्या सुमारास, अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज यांनी निरोगी व्यक्तीला रुग्णाची भूमिका शिकवली होती. मणक्यांवर हाताने उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टिकच्या अमेरिकी परवान्यासाठीही १९९६ पासून राष्ट्रीय प्रात्यक्षिक परीक्षा आहे. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची रीत होती. पायाळूची परीक्षा जन्मतःच झालेली असे!

माझी रुग्ण कवठे महांकाळची, बेदाण्याच्या शेडवर काम करणारी. पहिले वाक्य तिचेच ठेवले: ‘उसण भरलीय, दुसरं काही नाही.’ पाठ्यपुस्तकी मराठीत ‘कंबरदुखी’ हे लक्षण आहे. ‘उसण’ हे मात्र लक्षण आणि निदान एकाच शब्दात आहे. तो उच्चारताना बाई आपल्या दुखण्याचा अर्थही लावून मोकळी होते. परीक्षार्थ्याने तो अर्थ तसाच स्वीकारायचा नसतो. कारण क्वचित कंबरेच्या गादीचा दाब मज्जारज्जूखालच्या नसांच्या जुडग्यावर पडतो, लघवी अडते, बसायची जागा बधिर होते. अशा वेळी पाठ मोडून देणे घातक; तातडीने शस्त्रक्रियेसाठी पाठवावे लागते.

गुणांच्या यादीत यासाठी एक ओळ होती: ‘लघवीबद्दल विचारले – १ गुण’. मी संहितेत सासूबाईंना आणून बसवले. त्यांच्यादेखत विचारले तर सून मान खाली घालून ‘नाही’ म्हणते. त्या बाहेर गेल्या तर सांगते, ‘कालपासून नीट होत नाही.’ जुन्या यादीनुसार पहिल्या परीक्षार्थ्यालाही पूर्ण गुण मिळाले असते. प्रश्न विचारला गेला होता, उत्तर आले होते, आणि बाई घरी गेली असती.

स्नेह्यांचा आक्षेप गंभीर होता. सासूची भूमिका करणारी व्यक्ती एका खोलीत चटकन उठेल, दुसरीत हटून बसेल. मग जी समता साधण्यासाठी ही सारी रचना उभी केली, तिचे काय? हा आक्षेप मला समीक्षेतल्या जुन्या पेचासारखा वाटला. सर्वांना एकाच मापाने मोजता यावे म्हणून आपण प्रश्न इतके निश्चित करतो, की मौनाचा अर्थ लावण्याची क्षमता मापाबाहेरच राहते. आपल्या तोंडी परीक्षांतही याहून निराळे काय घडते?

अखेर सासूबाईंचे वागणे बांधून घेतले: पहिल्या विनंतीला ‘माझ्यासमोर बोलंल की’, दुसऱ्या विनंतीला उठणे, हे सर्व खोल्यांत सारखे. यादीतली ओळही बदलली: ‘एकांत मिळवून लघवीबद्दल विचारले – ३ गुण’. सासूबाईंच्या देखत विचारणाऱ्याला काय द्यावे, यावर मात्र आमचे एकमत झाले नाही. त्यांच्या मते अर्धा तरी गुण द्यावा. माझ्या मते शून्य.