बिऱ्हाड मांडायचं कुठं?

नवऱ्याची नोकरी बदलली की घरातल्या प्रत्येकाचंच काही ना काही बदलतं. पण नवं घर शोधताना अंतर मोजलं जातं ते त्याच्या ऑफिसपासून. "ऑफिसला किती वेळ लागेल?" हा पहिला प्रश्न, आणि पुष्कळदा तोच शेवटचा. मैत्रिणींनो, आमच्याकडेही अगदी तसंच सुरू झालं होतं.

२०२४ च्या दिवाळीनंतर ह्यांनी नाशिकची, सातपूरच्या कारखान्यातली नोकरी सोडली आणि ऐरोलीच्या एका कंपनीत रुजू झाले. लेकीची तिसरी पुरी व्हायची होती, म्हणून ती, मी आणि सासूबाई मे महिन्यापर्यंत नाशिकलाच थांबलो. हे ऐरोलीत तिघांच्या खोलीवर राहत. दर शनिवारी घरी यायचे ते मोबाइलमध्ये घरांचे फोटो घेऊन. चकचकीत फरशी, मोठ्या खिडक्या, स्वयंपाकघराला ओटा इंग्रजी एल अक्षरासारखा. फोटोत घर छानच दिसतं हो! पण त्या खिडकीतून खाली काय दिसतं, ते कुठं कोण दाखवतं?

मी एक हिशेब मांडला. हे सकाळी आठला निघणार, संध्याकाळी सातला येणार. म्हणजे मधले अकरा तास त्या घरात आणि त्या वस्तीत मी, लेक आणि सासूबाई. मग वस्ती निवडायची कुणी?

सासूबाईंचं सांगायलाच हवं, कारण खरी काळजी त्यांचीच होती. सासरे गेल्यानंतर वर्षभर त्या जवळजवळ बोलतच नव्हत्या. जेवण वाढलं की जेवायच्या, दिवा लावायच्या, पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायच्या. त्यांना उठवलं ते पंचवटीनं. काळारामाच्या देवळात कीर्तन ऐकायचं, येताना बाजारातून चार भाज्या निवडून आणायच्या, ओळखीच्या बायकांशी दोन शब्द बोलायचे, एवढ्यावर त्या पुन्हा माणसांत आल्या. आता अडुसष्टाव्या वर्षी त्यांना तिथून उचलून नेऊन एखाद्या बंद दाराआड बसवायचं, या कल्पनेनंच मला धस्स व्हायचं. माझीही शाळा सुटणार होती. अर्धवेळची का असेना, सहा वर्षं शिकवत होते. पदरी नुसतं बी. ए., बी. एड. नाही. नव्या गावात मला कोण विचारणार?

म्हणून मी ह्यांना म्हटलं, "अहो, घरं तुम्ही बघा, वस्ती मी बघते." आणि पंचवटी एक्सप्रेस धरून कल्याणला मावसबहिणीकडे तीन खेपा केल्या. सगळ्या मधल्या वारी. रविवारी संध्याकाळी कुठलंही उपनगर गजबजलेलंच दिसतं. खरं रूप बघायचं तर मंगळवारी सकाळी अकराला जावं, दुपारी चारला जावं आणि रात्री नऊ वाजता स्टेशनपासून घरापर्यंत एकदा चालून बघावं. दिवे कुठपर्यंत आहेत, दुकानं कितीला बंद होतात, एकट्या बाया रस्त्यात दिसतात की नाही, हे कुठला एजंट सांगणार?

ऐरोली ह्यांची लाडकी. सिडकोनं आखलेली, रुंद रस्ते, सेक्टरवार नंबर, झाडीही बरी. चालत ऑफिस. नावं ठेवायला जागा नाही. पण मी गेले तेव्हा दुपारच्या वेळी आमच्या बघण्यातल्या सेक्टरात सामसूम होती, आणि भाडं २४ हजार. घोडबंदर रोडला एका मित्राच्या ओळखीनं एकोणिसाव्या मजल्यावरची जागा बघितली. खाली बाग, तलाव, व्यायामशाळा, सगळं काही. त्या खेपेला सासूबाई बरोबर होत्या. त्यांनी गॅलरीत उभं राहून खाली बघितलं आणि विचारलं, "इथं खाली उतरायचं ते कशासाठी गं?" फाटकाबाहेर हमरस्ता, त्यावर अवजड गाड्यांची रांग. भाजी फोनवर मागवायची, किराणाही फोनवर. माझ्याकडे त्यांना द्यायला उत्तर नव्हतं.

गर्दी वेगळी आणि वर्दळ वेगळी, हे मला त्या हमरस्त्यावर नीट कळलं. गर्दी नुसती पुढे जात असते. वर्दळीत माणसं थांबतात, वळून बघतात, "आज उशीर झाला का?" विचारतात.

ठाण्याची नौपाडा-राम मारुती रोडची वस्ती मनापासून आवडली. तलावपाळीला संध्याकाळी म्हातारी माणसं कठड्यावर ओळीनं बसलेली, गडकरी रंगायतन हाकेच्या अंतरावर, आणि ठाण्याहून ऐरोलीची गाडी थेट. पण एका बेडरूमचे ३० हजार सांगितले. नवरा-बायको दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि सरबत पिऊन परत फिरलो.

राहिली डोंबिवली. ह्यांचं तोंड वाकडं. "डोंबिवलीची लोकल म्हणजे काय, माहीत आहे का?" माहीत होतं. त्यावर पुढे येतेच.

पूर्वेला स्टेशनातून बाहेर पडलं की पहिल्यांदा जीव घाबराच होतो. रिक्षांच्या रांगा, फेरीवाले, खड्डे, आणि पदपथ शोधून सापडत नाहीत. पण फडके रोडनं गणेश मंदिराच्या दिशेनं चालत गेले आणि पाऊल आपोआप हळू झालं. सकाळचे अकरा, आणि रस्त्यात बायकाच बायका. कुणी पिशवी घेऊन, कुणी नातवाचा हात धरून. पोळी-भाजी केंद्र, पिको-फॉलवाली, वाती-वस्त्रं विकणाऱ्या आजी, वाचनालयाची पाटी, भजनी मंडळाचा फळ्यावर लिहिलेला वार. डोंबिवलीला मराठी वाचकांच्या लेखी नाव आहेच. पु. भा. भावे इथे राहिले, शं. ना. नवरे इथले, आणि २०१७ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही इथेच भरलं. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा १९९९ साली सुरू झाली ती गणेश मंदिराच्या पुढाकारानं. दिवाळीच्या पहाटे याच फडके रोडवर तरुण मुलंमुली नटूनथटून जमतात. पण मला भुरळ घातली ती सणांनी नव्हे, त्या साध्या मंगळवारानं.

सासूबाई फुलवालीपाशी थांबल्या. दूर्वांच्या जुडीवरून घासाघीस सुरू झाली, आणि दोन मिनिटांत कळलं की बाई ओतूरची. माळशेज घाटाच्या पलीकडची! सासूबाईंचं माहेर जुन्नर. झालं! दूर्वा राहिल्या बाजूला आणि कुकडीच्या पाण्यापासून द्राक्षांच्या भावापर्यंत गप्पा रंगल्या. वर्ष-दीड वर्षात त्या परक्या माणसाशी आपणहून एवढं बोललेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

एक युक्ती सांगते. पाणी किती वेळ येतं, पावसात कुठली गल्ली तुंबते, कुठल्या इमारतीत भाडेकरू टिकत नाहीत, हे एजंटला विचारू नका. भाजीवाल्याला विचारा, पण जुडी विकत घेऊन विचारा! मला मेथीच्या दोन जुड्यांत सगळी माहिती मिळाली. एमआयडीसीच्या जवळची एक स्वस्त जागा त्याच बोलण्यानंतर सोडली. तिथं २३ मे २०२४ ला रासायनिक कारखान्यात मोठा स्फोट होऊन माणसं दगावली होती. भाडं दोन हजारांनी कमी होतं, पण झोप लागली नसती. शेवटी टिळकनगरच्या बाजूला, जुन्या तीन मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरची जागा ठरली. उद्वाहन नाही, पाणी सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी, ओटा छोटा. भाडं १५ हजार, अनामत ५० हजार, एजंटचं एक महिन्याचं भाडं वेगळं.

करारनाम्याबद्दल मात्र ऐका. आपल्याकडे घर अकरा महिन्यांच्या करारावर देतात, ज्याला लीव्ह अँड लायसन्स म्हणतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी व्हायला हवी. ती करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी नसेल आणि पुढे वाद झाला, तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणून "कशाला खर्च, साध्या कागदावर करू" असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नका. दुसरं म्हणजे करारात ह्यांच्याबरोबर माझंही नाव घालायला लावलं. एजंट म्हणाला, "वहिनी, काय गरज?" गरज होती. आधार कार्डावरचा पत्ता बदलायला नोंदणी केलेला भाडेकरार चालतो. माझ्या नावाचा कागद माझ्याजवळ असला की बँकेत मला कुणाच्या मागे उभं राहावं लागत नाही.

आता लोकलचं. डोंबिवलीहून ठाणे, तिथं नऊ-दहा नंबरच्या फलाटावर जाऊन वाशीकडची गाडी, मग ऐरोली. ही ठाणे-वाशी गाडी २००४ पासून सुरू आहे आणि डोंबिवलीच्या लोकलपेक्षा तिच्यात श्वास घेता येतो. अडचण आहे ती डोंबिवली ते ठाणे या टप्प्याची. जागा ठरवण्याआधी हे चार दिवस मित्राकडे राहून तो प्रवास करून आले. "होईल," म्हणाले. एवढंच.

आम्ही मेअखेरीस राहायला आलो आणि ९ जून २०२५ ला, सोमवारी सकाळी, मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांवर आपटून रुळांवर पडले. काही जणांचे प्राण गेले. बातमी आली तेव्हा मी लेकीची वह्या-पुस्तकं घालून ठेवत होते. ह्यांचा फोन लागेना. वीस मिनिटं. सासूबाई काही न बोलता देवापुढे जाऊन बसल्या. मग त्यांचाच फोन आला, "मी ऑफिसात आहे, मीटिंगमध्ये होतो."

त्या रात्री मी म्हटलं, "नको, आपण ऐरोलीला जाऊ." मनापासून म्हटलं. अनामत गेली तर गेली. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आई काल देवळातून एकटी परत आली. दोन वर्षांनी." त्यांनी साहेबांशी बोलून वेळ बदलून घेतली, आठ ते पाच. आता ते सकाळी लवकरची, डोंबिवलीहूनच सुटणारी धीमी लोकल धरतात. गाडी इथेच भरते, त्यामुळे बहुतेक दिवशी बसायला मिळतं. परतीच्या वेळी उलटी गर्दी असते, तेव्हा दोन गाड्या सोडायच्या पण दारात लटकायचं नाही, हे लेकीनं त्यांच्याकडून तिच्या शप्पथेवर कबूल करून घेतलंय. ठाण्याला उतरले की एक मिस्ड कॉल. तो वाजेपर्यंत माझ्या हातातलं काम अर्ध्यावरच असतं, आजही. हे सगळं एका पारड्यात आहे, आणि ते हलकं नाही.

दुसऱ्या पारड्यात काय? ब्लाउज शिवायला टाकायला गेले, तर शिंपीणबाईंनी विचारलं, "नाशिकला काय करायच्यात?" मी म्हटलं शिकवत होते, मराठी. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, आणि इंग्रजी शाळेतली पोरं जोडाक्षरापाशी अडखळतात. ब्लाउज तयार व्हायच्या आत माझ्याकडे दोन मुलं शिकायला आली! दिवाळीपर्यंत सात झाली. शिवाय एका खासगी वर्गात आठवड्यातून तीन दुपारी जाते. पगार फार नाही, पण विजेचं बिल आणि लेकीच्या नृत्याची फी माझ्या पैशांतून जाते. नाशिकला असताना एवढंही जात नव्हतं.

गजबजाटाचा त्रास होत नाही असं नाही हं. गणपतीत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद व्हायला हवेत हा नियम कागदावर आहे, आमच्या चौकात तो कधी पाळला जातो, कधी नाही. लेकीला परीक्षेच्या दिवसांत कापूस कानात घालून बसावं लागलं. माझ्या बहिणीला तर इथं दोन दिवसांत डोकं चढतं, तिला घोडबंदरचा तो एकोणिसावा मजला स्वर्ग वाटला असता. ज्यांच्या घरी तान्हं मूल आहे किंवा कुणी रात्रपाळी करतं, त्यांनी अशा वस्तीत बाजारापासून दोन गल्ल्या आतच घर बघावं. आम्ही एकच गल्ली आत आहोत.

पहिल्या करारानंतर मालकांनी भाड्यात दोन हजार वाढ मागितली. आम्ही हजारावर अडून बसलो, हे तर दुसरं घर बघायच्याही गोष्टी करू लागले. बोलणी अजून संपायची होती, तोच सासूबाई बाहेरून आल्या आणि चपला काढता काढता म्हणाल्या, "भजनी मंडळाची पुढच्या वर्षाची वर्गणी भरून आले गं. तुझ्या डब्यातले दोनशे घेतलेत."