आवाजाची पातळी

माझे वडील १९९१ ते १९९७ या काळात भामरागडला शिक्षक होते. भामरागड हे गडचिरोली जिल्ह्यातले, घनदाट जंगलाने वेढलेले तालुक्याचे गाव. पर्लकोटा आणि पामुलगौतमी या नद्या तेथे इंद्रावतीला मिळतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला, की वाट बंद होई. दिवाळीच्या सुट्टीत माझे मामा नागपूरहून येत आणि सोबत व्हिडिओ कॅमेरा आणत. त्यांनी चित्रित केलेल्या अकरा कॅसेटी आमच्या घरी आहेत.

व्हिडिओ कॅसेटची फीत काळाबरोबर खराब होते. ती चालवणारी यंत्रेही आता सहज मिळत नाहीत. म्हणून गेल्या वर्षी आम्ही सर्व कॅसेटी संगणकात उतरवून घेतल्या. चित्रे चांगली आली. आवाजाने मात्र घोळ घातला. एका कॅसेटमध्ये आमच्या शेजारच्या माडिया आजी अंगणात बसून गाणे म्हणत आहेत. ते गाणे ऐकूच येईना. पुढची कॅसेट रेला नाचाची होती. ती लावताच ढोलाच्या आवाजाने घर दणाणले. वडिलांना आता कमी ऐकू येते. ते टीव्हीचा आवाज वाढवत आणि लगेच दचकून कमी करत. शेवटी ते म्हणाले, "राहू दे. चित्र दिसते, तेवढे पुरे."

मला हे पटेना. आजी आता हयात नाहीत. त्यांचा आवाज दुसरीकडे कोठेही नोंदलेला नाही. त्यांच्या नातवाने आपल्या मुलीसाठी ते गाणे आमच्याकडे मागितले होते.

आवाजात एवढा फरक का पडतो? आजी कॅमेऱ्यापासून दूर होत्या आणि ढोल अगदी जवळ होता, हे पहिले कारण. शिवाय फितीवरचा आवाज संगणकात घेताना यंत्राची पातळी दर वेळी सारखी ठेवलेली नसते.

आवाजाची पातळी डेसिबल या एककात मोजतात. संगणकात शून्य ही वरची मर्यादा असते, म्हणून बाकीचे आकडे उणे येतात. आवाज शून्याच्या वर ढकलला, तर तो फाटतो. पण केवळ सर्वांत मोठा क्षण मोजून भागत नाही. एक टाळी क्षणभर उंच जाते. तरी तेवढ्याने सारी कॅसेट मोठ्या आवाजाची होत नाही. कानाला एकंदर आवाज किती मोठा वाटतो, हे मोजावे लागते. टीव्हीवर कार्यक्रमापेक्षा जाहिराती मोठ्याने वाजतात, अशी तक्रार जगभर होती. म्हणून युरोपातील प्रसारण संस्थांच्या संघाने २०१० साली अशा मोजणीवर आधारलेली उणे २३ ही समान पातळी सुचवली. हे मोजणारी साधने आता घरच्या संगणकावरही मिळतात.

आम्ही प्रत्येक कॅसेट मोजली. ढोलाची कॅसेट उणे १४ होती, तर आजींच्या गाण्याची उणे ३४. गाणे उणे २३ पर्यंत नेता आले नाही. मध्येच कॅमेऱ्याजवळ एक भांडे पडले होते. त्याचा खणखणाट उणे ८ पर्यंत गेला होता. तो फाटला असता. म्हणून गाणे फक्त ६ डेसिबलने वाढवले आणि उणे २८ वर आणले. ढोल १४ ने उतरवून त्याच पातळीवर आणला. बाकीच्या कॅसेटींनाही तीच पातळी दिली. आता वडील टीव्हीचा आवाज सुरुवातीला एकदाच वाढवतात.

माझ्या भावाने दुसरा उपाय सुचवला होता. प्रत्येक क्षणाचा आवाज आपोआप सारखा करणारी सोय संगणकात असते. एका प्रतीवर आम्ही ती वापरून पाहिली. आजी श्वास घ्यायला थांबल्या, की फितीची खरखर वर उसळे. लांबून जवळ येणारा ढोल पहिल्यापासूनच जवळ वाजू लागला. नदीपलीकडचे अंतर नाहीसे झाले. ती प्रत आम्ही ठेवली नाही. एका कॅसेटची पातळी दुसरीशी जुळवावी. पण त्या कॅसेटमधले हळू ते हळू आणि मोठे ते मोठेच राहू द्यावे, असे आम्ही ठरवले. मूळ प्रतींनाही हात लावला नाही. पुढे कोणाला याहून चांगली रीत सापडली, तर त्या उपयोगी पडतील.

गाणे मिळाल्यावर आजींच्या नातवाचा फोन आला. त्याच्या मुलीने गाण्यातला एक शब्द ओळखला नव्हता. तो जुना माडिया शब्द होता. घरात आता कोणी वापरत नव्हते. त्याने तिला त्याचा अर्थ सांगितला आणि मग फोनवर आम्हालाही सांगितला. सहा वर्षे आजींच्या शेजारी राहूनही वडिलांना तो ठाऊक नव्हता. त्यांनी तो वहीत लिहून घेतला आणि मला म्हणाले, "पुन्हा लाव."