माहितीपत्रक एकरात आणि टनात लिहा



हल्ली गावात सारखी एखादी नवी स्टार्टअप कंपनी येते. कुणाचा सेन्सर, कुणाचं ड्रोन, कुणाचं ॲप. पोरं हुशार असतात, माल पण वाईट नसतो. पण पत्रक वाचलं की डोकं गरगरतं. परवा एक आलं, "एआय व आयओटी आधारित स्मार्ट सिंचन सोल्युशन". चार पानं चाळली. एकराला खर्च किती, बिघडलं तर येणार कोण, काहीच नाही.

आमच्याकडं नदीकाठाला बराच ऊस सहकारी पाणीपुरवठा संस्थांच्या पाण्यावर. पाळी ठरलेली. सेन्सर म्हणाला आज पाणी द्या आणि पाळी आठ दिवसांनी, तर त्या निरोपाचं करायचं काय? स्वतःची विहीर आणि ठिबक असलेल्याला मात्र तोच सेन्सर लाखमोलाचा. मग पहिल्याच ओळीत तसं लिहा की. ज्याच्या उपयोगाचं नाही त्याच्या गळ्यात मारलं तर यंत्र माळ्यावर पडतं. पुढं चांगली कंपनी आली तरी माणूस तिला दारातनंच परत लावतो. नुकसान दोघांचं.

थोडक्यात कसं सांगायचं ते औषधाच्या बाटलीवरचा त्रिकोण बघून शिकावं. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. अक्षरओळख नसलेल्यालाही कळतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा पाचच शब्दांची, पण मागणी काय ते बांधावरच्या माणसाला लगेच कळायचं.

आपल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही हेच लागू. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी खोक्यावर आपण छापतो "अस्सल, नैसर्गिक, प्रीमियम". हे तर सगळेच छापतात. मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक पिवळाधमक गूळ बघतं आणि आपला काळपट बाजूला सारतं. त्यापेक्षा खरं असेल तर सरळ लिहा, "रंग गडद आहे, कारण हायड्रॉस टाकलेलं नाही. मळी भेंडीच्या रसानं काढली." गिऱ्हाईकाच्या मनातल्या शंकेलाच उत्तर मिळालं.

माझ्या मते पत्रकात एवढं पाहिजेच :
१) कुणाच्या उपयोगाचं, कुणाच्या नाही.
२) एकराला खर्च किती, दरवर्षी परत भरायचे किती.
३) फायदा टनात नाहीतर रुपयात. कुठल्या जमिनीत, कुठल्या हंगामात बघितला तेही.
४) बंद पडलं तर फोन कुणाला करायचा.

छापायच्या आधी ते पत्रक एखाद्या शेतकऱ्याला वाचायला द्या. संध्याकाळी त्यानं घरात ते एका वाक्यात सांगितलं तर छापा. नाही जमलं तर परत लिहा. खरेदीचा निर्णय घरात बसूनच होतो, आणि तिथं तुमचा माणूस बोलायला नसतो.