पाचवा प्रश्न

मुलीचे स्थळ पाहायला आपल्याकडे घरातील चार वडीलधारी माणसे जातात, अंगणातल्या विहिरीचे पाणीसुद्धा चाखून येतात. तीच मुलगी ज्या विद्यापीठात आयुष्याची दोन वर्षे काढणार, ते मात्र आपण प्रवेशाच्या दिवशी, हातात वळकटी असतानाच प्रथम पाहतो. गेल्या फेब्रुवारीत मी हा शिरस्ता मोडला आणि नातीबरोबर अमरावतीहून अकोल्याला, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ पाहायला गेलो. माझे वय ७४, आणि मधुमेहाची सोबत १८ वर्षांची.

नात कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला वनस्पतिरोगशास्त्रात एम.एस्सी. करायचे आहे. मोर्शीकडील आमच्या संत्र्याच्या बागेत डिंक्या रोगाने एकेक झाड वाळताना तिने लहानपणापासून पाहिले आहे. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. त्यांतील अकोला तिने मनोमन आधीच निवडले होते. तरी एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावे, असे मी सुचवले.

अशा भेटीची आखणी करावी लागते. नातीने आठवडाभर आधी विभागाला पत्र लिहून वेळ मागून घेतली. कामकाजाचा दिवस निवडला, कारण सुट्टीच्या दिवशी इमारती दिसतात, विद्यापीठ दिसत नाही. अकोल्याचा उन्हाळा आम्हा वऱ्हाडकरांना वेगळा सांगायला नको. म्हणून उन्हे तापण्यापूर्वीचा महिना धरला. वहीत तिने पाच प्रश्न लिहून घेतले. संत्र्याच्या रोगांवर येथे कोण काम करते? प्रयोगशाळेतील उपकरणे विद्यार्थ्यांना स्वतः हाताळायला मिळतात का? प्रबंध वेळेत पूर्ण होतात का? वसतिगृहात पाणी, जेवण आणि आजारपणाची सोय कशी आहे? पाचवा प्रश्न असा होता : शनिवारी संध्याकाळी घरी पोहोचता येईल का? तो वाचून मी हसलो. पोरीला घराची ओढ आहे, एवढेच मला वाटले.

बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरली. मूर्तिजापूर मागे पडले आणि पाहता पाहता अकोला आले. विद्यापीठाचा परिसर मला नवा नव्हता. शिवारफेरीला शेतकरी म्हणून मी अनेकदा येथे आलो आहे, पीकेव्हीचे कपाशीचे वाण येथूनच नेऊन पेरले आहेत. विद्यापीठाची स्थापना २० ऑक्टोबर १९६९ ची. ज्यांचे नाव त्याला दिले आहे, ते पंजाबराव अमरावती जिल्ह्यातील पापळचे. १९२० मध्ये ते इंग्लंडला शिकायला गेले आणि पुढे देशाचे कृषिमंत्री झाले. प्रवेशद्वारातून आत जाताना त्यांच्या घरच्यांचा विचार मनात आला. त्या माणसांनी आपला मुलगा समुद्रापार पाठवला होता.

नात प्राध्यापकांच्या खोलीत गेली. मी बाहेर बाकावर थांबायचे ठरले होते. पण हौसेने उठलो आणि बागेच्या दिशेने बराच चालून आलो. सकाळचे इन्सुलिन घेतलेले होते आणि जेवणाची वेळ टळत चालली होती. परतताना हात थरथरू लागले, कपाळाला घाम फुटला. साखर उतरते आहे हे मला कळले, पण साखरेची पुडी असलेली पिशवी नातीच्या खांद्यावर होती. शिपायाने तिला बोलावून आणले. बोलणे अर्धवट टाकून ती धावत आली, पाण्यात तीन चमचे साखर कालवून तिने मला पाजली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा रक्तातील साखर तपासली. मी सावरलो. तोवर प्राध्यापक तासाला निघून गेले होते. तिचे दोनच प्रश्न विचारून झाले होते.

परतीच्या गाडीत मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "आबाजी, म्हणूनच तर अकोला. राहुरीला गेली तर तुमचं इन्सुलिन कोण पाहील? इथून निदान शनिवार-रविवार तरी येता येईल."

पाचव्या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा उमगला. गेली तीन वर्षे तीच मला सुई टोचत होती. आपल्याला ते जमत नाही, असे मी ठरवून टाकले होते. तिचे विद्यापीठ माझ्या आजाराने निवडले होते.

दुसऱ्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन मी इन्सुलिनचे पेन वापरायला शिकलो. मात्रा कशी लावायची, टोचण्याची जागा रोज कशी बदलायची, सुई किती क्षण आत ठेवायची, हे त्यांनी चार वेळा करून घेतले. पाचव्या दिवशी हात स्थिरावला. ज्यांची दृष्टी अधू आहे किंवा हात कापतो, त्यांनी हा प्रयोग एकट्याने करू नये. पण घरातील दुसऱ्या एखाद्या माणसाला तरी ते शिकवून ठेवावे. सारी शुश्रूषा एकाच्याच खांद्यावर राहिली, की त्याचे पाऊल उंबऱ्यातच अडते.

आणि प्रवासाला निघताना औषधांची पिशवी रुग्णाने स्वतःच्या खांद्यावर घ्यावी. तीत साखर, बिस्किटे, पाणी आणि औषधांची चिठ्ठी असावी. इन्सुलिन उन्हात तापलेल्या गाडीत सोडू नये. इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबवू नये, आणि रोजच्यापेक्षा अधिक चालायचे असेल तर आधी थोडे खाऊन घ्यावे.

मार्चमध्ये नात पुन्हा अकोल्याला गेली, या वेळी एकटी. प्राध्यापकांनी तिला तासभर दिला. डिंक्याचे नमुने कसे तपासतात तेही तिने पाहिले. आता राहुरीचीही भेट तिने ठरवली आहे. पसंतीक्रम ती दोन्ही ठिकाणे पाहूनच लिहील. मी तिला एवढेच सांगितले, की तिने निर्णय बागेकडे पाहून घ्यावा, माझ्याकडे पाहून नव्हे.

काल वही टेबलावर उघडी होती. पाचवा प्रश्न तिने स्वतःच खोडला आहे.