साडीवरचा शर्ट आणि डब्यातली चटणी

मे महिन्यात नारायणगावजवळच्या एका मळ्यात टोमॅटोचा तोडा चालू होता. बायांनी साडीवर घरातल्या पुरुषांचे जुने, पूर्ण बाह्यांचे शर्ट चढवले होते. डोक्या-तोंडाला स्कार्फ असा गुंडाळलेला, की फक्त डोळे दिसावेत. वीस-वीस किलोंचे क्रेट भरत सरी पुढे सरकत होती.

दुपारी कडुनिंबाखाली डबे उघडले. बहुतेकींच्या डब्यात टोमॅटोची चटणी होती. लसूण, मिरची, दाण्याचं कूट आणि कडेला सुटलेलं लाल तेल. माझ्या हातावर भाकरी ठेवत एक मावशी म्हणाल्या, "घ्या दादा, तडकलेला माल क्रेटात जात न्हाई, तो आमच्या तव्यात जातो."

ती चटणी चवीला उत्तम होतीच; त्वचेच्या दृष्टीनेही ती मोलाची आहे. टोमॅटोचा लाल रंग लायकोपीनचा. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे त्वचेत जे घातक रेणू तयार होतात, त्यांना हे द्रव्य निष्प्रभ करतं. ते तेलात विरघळतं आणि टोमॅटो शिजला की शरीरात जास्त शोषलं जातं. जर्मनीतल्या संशोधकांनी २००१ साली याची चाचणी प्रसिद्ध केली. काही जणांना रोज ४० ग्रॅम टोमॅटो पेस्ट १० ग्रॅम ऑलिव्ह तेलाबरोबर दिली, बाकीच्यांना नुसतं तेल. चौथ्या आठवड्यात काहीच फरक नव्हता. दहाव्या आठवड्यात मात्र, तेवढेच किरण सोडूनही पेस्ट खाणाऱ्यांच्या त्वचेवरची लाली सुमारे ४० टक्क्यांनी कमी भरली.

अभ्यास लहान होता, आणि अन्नातून मिळणारं हे संरक्षण सनस्क्रीनच्या मानाने बरंच कमी. म्हणून शर्ट आणि स्कार्फ आधी, चटणी नंतर.

गोळ्यांचा मोह तर टाळलेलाच बरा. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना लायकोपीनचंच भावंड असलेलं बीटा-कॅरोटीन गोळ्यांतून दिलं, तेव्हा त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण १८ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. हे निष्कर्ष १९९४ मध्ये जाहीर झाले. ताटातल्या गाजर-टोमॅटोला ही भीती नाही.

भाव पडला की हाच टोमॅटो रस्त्याकडेला ओतून द्यावा लागतो, हे पाहून जीव तुटतो. तेव्हा तो स्वस्त असेल तेव्हा भरपूर घ्या, तेलात चांगला शिजवा. आणि दहा आठवड्यांचा हिशेब लक्षात ठेवून, एप्रिलच्या उन्हासाठी फेब्रुवारीपासूनच रोजच्या जेवणात घ्यायला लागा.